पेठेतला हेरिटेज वाडा दुरुस्त करायचाय? कामाचा क्रम असा ठेवा

पुण्यात कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव पेठेत जे वाडे अजून उभे आहेत, त्यांची दुरुस्ती पैशाअभावी जेवढी अडते, त्याहून जास्त वेळा ती क्रम चुकल्यामुळे वाया जाते. गणपतीच्या आधी दर्शनी भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइल पेंट होतो, आणि काही पावसाळ्यांनंतर त्याच भिंतीतलं तुळईचं (मजल्याचा भार पेलणाऱ्या आडव्या लाकडाचं) टोक बोटाने चुरगळतं. नाहीतर काम आधी सुरू होतं, कोणीतरी तक्रार करतं आणि मग परवानगीची धावपळ.

मजबुतीचं गणित इंजिनिअरनेच करायचं. या लेखात फक्त आधी काय, मग काय आणि माणसं कुठे फसतात, एवढंच आहे.

वर्षाचं वेळापत्रक आधी डोक्यात ठेवा. पाहणी पावसाळ्यात करायची, कारण गळती तेव्हाच दिसते. कागद आणि अर्जही त्याच काळात उरकायचे. छप्पर दिवाळीनंतर उघडायचं, चुन्याचं काम हिवाळ्यात करायचं आणि मेच्या मध्यापर्यंत सगळं झाकून मोकळं व्हायचं. एप्रिलमध्ये जाग येऊन मेमध्ये कौलं उतरवणाऱ्यांचा जून कसा जातो, ते पेठेत सगळ्यांना माहीत आहे.

टप्पा १: तुमचं घर नेमक्या कुठल्या नियमात येतं?

इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते.

पहिली गोष्ट म्हणजे महापालिकेची हेरिटेज यादी. यादीतल्या इमारतींना श्रेणी असते. श्रेणी १ मध्ये आतबाहेर कुठेच हात लावायचा नाही, अपवाद फक्त इमारत वाचवायला अत्यावश्यक असलेल्या कामाचा. श्रेणी २ मध्ये मूळ रूपाला धक्का न लावता आतले काही बदल छाननीनंतर करता येतात. श्रेणी ३ मध्ये आतल्या बदलांना बरीच मोकळीक असते, पण रस्त्याकडची बाजू आसपासच्या घरांशी जुळती राहिली पाहिजे. श्रेणी ३ म्हणजे पाडायची मुभा, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे केंद्राच्या संरक्षित स्मारकाची जवळीक. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. त्यानुसार स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. शनिवारवाडा हे असं स्मारक आहे, त्यामुळे भोवतालच्या पेठांतल्या कितीतरी घरांना हा नियम लागतो, मग घर हेरिटेज यादीत असो वा नसो. प्रतिबंधित क्षेत्रात १६ जून १९९२ पूर्वीच्या घराची दुरुस्ती किंवा नूतनीकरण करता येतं, पण सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून, राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या संमतीनेच. पाडून पुन्हा बांधणं दुरुस्तीत मोडत नाही. विनापरवाना बांधकामाला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

सावध: १०० मीटरच्या आतलं घर दुरुस्तीच्या नावाखाली जोत्यापर्यंत (पायाच्या चौथऱ्यापर्यंत) उतरवलं, की पुन्हा उभं करण्याचा रस्ता बंद होतो. ‘आधी पाडू, मग बघू’ हा सल्ला देणारा ठेकेदार पुढच्या कामाला निघून जातो आणि मोकळी जागा तुमच्या गळ्यात राहते.

तपासा: अंतर स्मारकाच्या इमारतीपासून धरायचं नाही, संरक्षित हद्दीपासून धरायचं. गुगल नकाशावर बोट ठेवून ठरवू नका, सिटी सर्व्हे नंबर देऊन लेखी विचारा. यादीतलं नाव आणि श्रेणीही महापालिकेच्या हेरिटेज विभागाकडून लेखीच घ्या.

आणखी दोन समज इथेच मोडून टाकू. यादीत नाव आल्याने मालकी बदलत नाही, आणि सरकार आपोआप दुरुस्ती करून देत नाही. वाडा मोडकळीला आला म्हणून यादीतून नावही गळत नाही, त्यासाठी वेगळी प्रक्रिया आहे.

टप्पा २: कागद आणि माणसं

मालमत्ता पत्रक म्हणजे प्रॉपर्टी कार्ड काढा. बहुतेक वाड्यांच्या कार्डावर आजोबा नाहीतर पणजोबांचं नाव असतं आणि खालची वारसनोंद अर्धवट असते. एक चुलत भाऊ नाशिकला, एक आत्या अमेरिकेत. सगळ्यांच्या सह्या किंवा मुखत्यारपत्रं हातात येईपर्यंत अर्ज पुढे सरकत नाही, म्हणून हे काम सगळ्यांत आधी लावा. सोबत वाटणीपत्र, मिळकत कराच्या पावत्या आणि जुना मंजूर नकाशा मिळाला तर तोही जोडा.

भाडेकरू असतील तर त्यांची यादी करा: कोणाकडे किती खण (दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण), कोणती मोरी, कोणता माळा. कोणाला किती दिवस कुठे हलायचं आणि परत कोणत्या जागेत यायचं, हे लिहून दोघांनी सह्या करा. तोंडी शब्दावर खोली सोडायला कोणी तयार होत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

भाडेकरूंसाठी: १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे घर नीट ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने रास्त वेळात दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाला वार्षिक भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. महिना ४० रुपये भाडं असेल तर वर्षाचे ४८० आणि त्यातले १२० वळते होणार. यात सुताराची अर्ध्या दिवसाची मजुरीही भागत नाही. म्हणून या कलमावर विसंबून राहू नका. मालक आणि भाडेकरूंनी खर्चाची वाटणी आपसात ठरवून ती कागदावर आणणं हाच चालणारा मार्ग आहे.

धोकादायक इमारतीची नोटीस आली असेल तर

महापालिकेची वर्गवारी अशी असते: सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२-ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. सी-२-बी म्हणजे रिकामी न करता मोठी दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. यात नेहमी होणारी गडबड अशी, की काँक्रीटच्या इमारती तपासणारा ऑडिटर काँक्रीटचाच नमुना फॉर्म घेऊन येतो. रिबाउंड हॅमरसारख्या चाचण्या काँक्रीटसाठी आहेत. लाकडी सांगाडा, वीट आणि पांढऱ्या मातीच्या भिंतींबद्दल त्यातून काहीच कळत नाही. वाड्यांच्या लाकूडकामाचा अनुभव असलेल्या इंजिनिअरकडून दुसरा अहवाल घ्या आणि त्याची प्रत हेरिटेज विभागालाही द्या.

सावध: वाद घालायचा तो कागदावर, धोकादायक खोलीत राहून नाही. जागा सोडण्यापूर्वी भाडेकरूने आपल्या ताब्यातल्या जागेचं मोजमाप महापालिकेकडून लेखी घ्यावं.

टप्पा ३: टेकू

झुकलेलं, लचकलेलं किंवा टोकाशी कुजलेलं काही दिसलं, तर परवानगीची वाट न बघता इंजिनिअरला बोलावून टेकू लावा आणि त्याच दिवशी फोटोंसह महापालिकेला पत्र द्या.

टेकू कुठे उभा राहतो, यावर सगळं अवलंबून आहे. वरच्या मजल्यावरच्या तुळईखालचा टेकू नुसत्या कडीपाटावर (आडव्या कड्यांवर फळ्या टाकून केलेल्या जमिनीवर) उभा केला, तर भार एका दुबळ्या जागेवरून दुसऱ्या दुबळ्या जागेवर गेला, एवढंच झालं. टेकू मजल्यागणिक एकाखाली एक, थेट जमिनीपर्यंत यायला हवेत आणि तळाशी जाड लाकडी फळी हवी. खालची फरशी ठोकून बघा. जुन्या घरांत तळघर किंवा धान्याचं बळद बुजवून वर शहाबादी बसवलेली असते. टेकू नेमका तिथे आला की फरशीसकट खाली जातो.

जॅक फिरवताना हात आखडता ठेवा. टेकू लाकडाला घट्ट टेकला की थांबायचं. पन्नास वर्षांत खाली आलेली तुळई एका दुपारी दोन इंच वर उचलायला गेलात, तर वरच्या भिंतीला तडे जातात आणि सांधे उखडतात. उचलायची असेलच, तर इंजिनिअरच्या देखरेखीखाली आठवड्या-आठवड्याने, अगदी थोडी थोडी.

टप्पा ४: नोंद

वाड्याचा हिशेब खणांत होतो, म्हणून नोंदही खणांतच करा. ‘पूर्व सोपा, खण ३, तळमजला’ असा पत्ता (सोपा म्हणजे चौकाभोवतालची ओसरी) प्रत्येक खांब, तुळई, कडी आणि हस्ताला (खांबावरच्या लाकडी आधाराला) द्या. नंबर खडूने लिहू नका, पहिल्या पाण्यात जातात. पत्र्याची छोटी चकती खिळ्याने ठोका, तीही दर्शनी बाजूला न ठोकता आड.

मोजमापाची रेखाटनं किमान एवढी हवीत: प्रत्येक मजल्याचा आराखडा, चौकातून घेतलेला उभा छेद आणि रस्त्याकडची बाजू. फोटो दोन प्रकारचे काढा. एक पूर्ण भिंतीचा, आणि एक बारकाव्याचा, त्यात मोजपट्टी दिसली पाहिजे. महिरपी, लाकडात कोरलेली केळफुलं, कोनाडे, दिंडी दरवाजाच्या कड्या आणि बिजागऱ्या यांचे जवळून फोटो घ्या. काम संपल्यावर ‘इथे असंच होतं’ असं म्हणणारा सुतार भेटतोच, तेव्हा हेच फोटो पुढे करायचे.

टप्पा ५: पाहणी, म्हणजे पाण्याचा माग

ओल कुठे दिसते, यापेक्षा ती कशी दिसते ते बघा. वरून खाली ओघळ असतील तर पाणी छपरातून किंवा पन्हळीतून (छपराचं पाणी वाहून नेणाऱ्या नाळीतून) येतंय. भिंतीच्या मधेच पसरता डाग असेल तर पलीकडे मोरी किंवा पाइप आहे. जमिनीपासून कमरेपर्यंत पट्टा आणि त्यावर पांढरी खारट भुकटी असेल, तर पाणी जोत्यातून वर चढतंय.

पेठांत या तिसऱ्या प्रकाराचं एक खास कारण असतं. रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढून रस्ता उंबऱ्याच्या वर गेलेला असतो. मग पावसाचं पाणी जोत्यावर आपटतं आणि दिंडीतून आत येतं. आतल्या चौकाला कोणीतरी सिमेंट कोबा केलेला असतो आणि जुनी मोरी बुजलेली असते. अशा घरात भिंतीवर कितीही वॉटरप्रूफिंग फासा, उपयोग शून्य. चौकाचा उतार आणि निचरा मोकळा करा, आणि बाहेरच्या बाजूने जोत्यालगत पाणी वाहून नेणारी नाली काढायची परवानगी मागा.

नंतर लाकूड. हातात टोच्या (अणकुचीदार सळई) आणि छोटी हातोडी घ्या. तीन जागा आधी बघा: खांबाचा पाय तळखड्यावर (खांबाखालच्या दगडावर) टेकतो ती जागा, तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक, आणि छपराची दोन पाखी (उतार) मिळतात तिथल्या पन्हळीखालचं लाकूड. निरोगी सागवानात टोच्या जेमतेम रुततो. कुजलेल्यात तो मुठीपर्यंत जातो आणि बाहेर येताना ओला भुसा घेऊन येतो. ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर तिथे खुणेची चकती लावा. ऑइल पेंटच्या जाड थराखाली लाकूड बाहेरून ठणठणीत दिसतं, त्यामुळे रंगावर विश्वास ठेवू नका.

तड्यांसाठी जुनी युक्ती आजही चालते. तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी प्लॅस्टरने दोन्ही टोकांना चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे. अख्खा पावसाळा काच शाबूत राहिली, तर तडा जुना आहे आणि त्याची घाई नाही.

तपासा: नदीकाठच्या पेठांत १९६१ च्या पानशेत पुरानंतर काही घरांच्या खालच्या भिंती नव्याने बांधल्या गेल्या. खाली सिमेंट-वीट आणि वर माती-लाकूड असा जोड असेल, तर तो आराखड्यात वेगळ्या रंगाने दाखवा. दोन्ही भिंती वेगवेगळ्या वागतात आणि तडा बहुधा त्या जोडावरच असतो.

टप्पा ६: अर्ज आणि करार

अर्जात ‘दुरुस्ती व रंगकाम’ असं मोघम लिहिलं, की तो परत येतो किंवा अडकतो. कोणता घटक, कुठे, किती, कशाने बदलणार, हे टप्पा ४ च्या नंबरांसह लिहा. ‘पश्चिम सोपा, खण २, तुळईचं दक्षिण टोक, दीड फूट, जुन्या सागवानाचा सांधा’ असं लिहिलेलं असलं, की तपासणाऱ्यालाही काम नेमकं कळतं. जतनकामाचा अनुभव असलेला आर्किटेक्ट इथे घ्याच. त्याची फी वाचवून केलेला अर्ज शेवटी महागात पडतो. घर स्मारकाच्या क्षेत्रात असेल तर महापालिका आणि स्मारक प्राधिकरण या दोन्हींची परवानगी लागते, एकीवर दुसरी भागत नाही. वाड्यामुळे न वापरता आलेल्या एफएसआयच्या (प्लॉटवर मंजूर असलेल्या बांधकामाच्या) बदल्यात हेरिटेज टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळू शकतो का, हेही आर्किटेक्टला याच वेळी विचारा.

ठेकेदाराशी करार करताना ‘एकरकमी अमुक लाख’ असं ठरवू नका. भिंत उघडल्याशिवाय आत काय आहे ते त्यालाही दिसत नाही, त्यामुळे एकरकमी दरात तो एकतर दर फुगवतो, नाहीतर आत सापडलेली कूज झाकून टाकतो. कामाच्या बाबीनुसार दर ठरवा आणि अंदाजाच्या वर निदान पाव रक्कम हाताशी ठेवा.

सावध: काढलेलं प्रत्येक लाकूड, दरवाजा, कडी, कौल मालकाचंच, हे वाक्य करारात घाला. जुन्या सागवानाला बाजारात चांगला भाव आहे. ‘कुजलंय, टाकून देतो’ म्हणत टेम्पोत चढणाऱ्या तुळईतला अर्धा भाग बहुतेकदा ठणठणीत असतो, आणि तोच तुम्हाला सांध्यांसाठी लागणार असतो.

टप्पा ७: छप्पर

परवानगी हातात आली की पहिलं काम छपराचं. एका वेळी एकच पाखं उघडा आणि ताडपत्री आधी बांधून ठेवा, हिवाळ्यातही पाऊस येतो. उतरवलेलं प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून बघा: खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द आवाज आला तर आत चीर आहे. वासे आणि रिपा तपासून, बदलून, मग कौलं वळचणीपासून (खालच्या कडेपासून) आढ्याकडे लावत जा.

पन्हळीत कंजूषी नको. चौकाच्या कोपऱ्यांत पाखी मिळतात तिथे चांगल्या जाडीचा पत्रा, पुरेसा उतार आणि हात घालून पानं काढता येतील एवढी रुंदी हवी. वाड्यातली निम्मी कूज या चार कोपऱ्यांतून सुरू होते, असं मी ठामपणे म्हणेन.

कौलांऐवजी रंगीत पत्रा टाकू नका. घर तापतं, आतून घाम सुटून लाकूड ओलं राहतं आणि रस्त्याकडचं रूप बदलल्यामुळे हेरिटेजची हरकत येते.

टप्पा ८: लाकूड

अख्खा खांब बदलायची गरज क्वचितच पडते. कुजलेला भाग निरोगी लाकडापर्यंत कापायचा, तिरका सांधा घ्यायचा आणि तेवढाच जुन्या, सुकलेल्या सागवानाचा तुकडा स्टेनलेस स्टीलच्या बोल्टने जोडायचा. त्या खांबावरचा भार आधी टेकूवर गेला आहे, हे इंजिनिअरने बघितल्याशिवाय करवत लावायची नाही.

सगळ्यांत जास्त दिसणारी चूक म्हणजे खांबाच्या कुजलेल्या पायाभोवती ओतलेलं काँक्रीट. वरून मजबूत वाटतं, पण आत पाणी कोंडून लाकूड जास्त वेगाने सडतं. तुळईचं टोक भिंतीत बसवतानाही भोवती थोडी पोकळी ठेवा, त्याला हवा लागली पाहिजे. वाळवीचं औषध सांधा बंद करण्याआधी मारून घ्या.

लाकडावर ऑइल पेंट नको, जवसाचं तेल पातळ हाताने लावा.

सावध: जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकून जाऊ नका. त्या आपोआप तापून पेट घेतात, आणि इथे सगळं घरच लाकडाचं आहे. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

टप्पा ९: भिंती आणि चुना

सिमेंटचा गिलावा छिन्नीने, हलक्या हाताने काढा, ब्रेकर लावू नका. उघडी भिंत काही आठवडे सुकू द्या. ओल्या भिंतीवर गिलावा चढवायची घाई झाली, की खारट भुकटी पुन्हा वर येते.

चुना विझवताना चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. तो खदखदतो आणि उडतो. चष्मा, रबरी हातमोजे आणि जवळ स्वच्छ पाण्याची बादली हवीच. डोळ्यात गेला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा. विझवलेला चुना गाळून निदान दोन-तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्या. मुरलेला चुना १ भाग आणि धुतलेली वाळू ३ भाग, हे साधं प्रमाण. ओलसर जागी वाळूतला काही भाग काढून सुरखी (भाजलेल्या विटांची भुकटी) घाला. गूळ, हिरडा, बेलफळ यांच्या कृती प्रत्येक गवंड्याच्या वेगळ्या असतात. त्या वादात न पडता दोन फुटांचा नमुना भिंतीवर लावा आणि तीन आठवडे थांबा. भेगा पडल्या किंवा हाताला भुकटी लागली, तर प्रमाण बदला.

भिंत भिजवून घ्या. थर पातळ, अर्ध्या इंचाहून कमी. पहिला आवळल्यावरच दुसरा. मग ओलं गोणपाट लावून आठवडाभर तरी ओलावा टिकवा. दुपारच्या उन्हात भराभर वाळलेला चुन्याचा गिलावा टरफलासारखा सुटतो. पांढऱ्या मातीच्या भिंतीवर मात्र थेट चुन्याचा जाड थर धरत नाही. तिथे भुसा घातलेला मातीचाच गिलावा द्या आणि वर चुन्याची सफेदी. रंगातही ॲक्रिलिक नको, कारण भिंतीतली वाफ बाहेर पडायला वाट हवी.

टप्पा १०: मोरी, पाणी, वीज

वरच्या मजल्यावर कडीपाटावर केलेली संडास-मोरी शक्य असेल तर मागच्या बाजूला तळमजल्यावर आणा. हजार लिटरची टाकी म्हणजे भरल्यावर एक टन वजन. ती माळ्यावर ठेवू नका, जमिनीवर वेगळ्या चौथऱ्यावर ठेवा. वायरिंग पाइपातून, भिंतीच्या बाहेरून न्या. तुळईत खाच पाडून वायर लपवणाऱ्या इलेक्ट्रिशियनला तिथेच थांबवा. प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळा ट्रिपर, आणि प्रत्येक मजल्यावर अग्निशामक.

टप्पा ११: काम संपल्यावर

आधीचे आणि नंतरचे फोटो त्याच नंबरांनुसार लावून, परवानगीच्या अटींसह पूर्णत्वाची फाइल बनवा आणि एक प्रत महापालिकेत देऊन पोच घ्या. ठेकेदाराच्या बिलातले दहा टक्के एक पावसाळा जाईपर्यंत रोखून ठेवा, हे करारात आधीच लिहिलेलं असावं. दर वर्षी मेच्या शेवटी पन्हळी साफ करा, सरकलेली कौलं बसवा आणि तुळयांच्या टोकांना टोच्या लावून बघा. उरलेली कौलं विकू नका. चौकात एका बाजूला उभी रचून ठेवा, माकडं येऊन गेल्यावर लागतात.